टर्फ, लॉन्स आणि आपली हरळी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात ‘मी काय करतो’ या सत्रात केलेलं भाषण. पुनरुक्ती काढून स्मरणिकेसाठी दिलं आहे.)



माझ्या आधी बोललेल्यांत एकजण डॉक्टर आहे, एकजण परदेशात द्राक्षं पाठवतो, एक मैत्रीण मुख्याध्यापिका आहे. माझं काम एका वाक्यात सांगायचं तर मी गवत राखतो आणि गवत राखायला शिकवतो. हसा, हसा. सगळेच हसतात. गेली २६ वर्षं मी मैदानांच्या आणि सार्वजनिक बागांच्या हिरवळीचं काम करतो आहे. त्यातली शेवटची १२ वर्षं माळी आणि मैदान-कामगारांना शिकवण्यात गेली. आमच्या आईला हे काम समजावताना माझ्या नाकी नऊ यायचे. “बापाने जन्मभर हरळी उपटली, आणि तू पगार घेऊन ती लावतोस?” असं ती म्हणायची. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

दुसरं कारणही आहे. सकाळी चहाच्या वेळी विषय निघाला की आपल्या बॅचने वर्गणी काढून शाळेच्या मैदानावर ‘टर्फ’ टाकून द्यावं. भावना चांगलीच आहे. पण माझा धंदा हाच असल्यामुळे मला त्यावर बोलणं भाग आहे. रागावू नका, शेवटपर्यंत ऐका.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आळेफाट्यापासून नारायणगावपर्यंत हायवेला ‘लॉन्स’च्या पाट्या दिसतात. लॉन म्हणजे हिरवळ, पण आपल्याकडे ‘लॉन्स’ म्हटलं की लग्नाचा हॉल. तसंच ‘टर्फ’चं झालं. मूळ इंग्रजीत टर्फ म्हणजे मुळं आणि मातीसकट गवताचा थर. आपली पोरं “टर्फवर जातोय” म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात जाळी लावलेला, दिव्याखालचा, प्लॅस्टिकचा हिरवा गालिचा असतो. मी आज ‘गवत’ म्हणेन तेव्हा खरं गवत समजा.

आणि ते खरं गवत म्हणजे आपली हरळीच. क्रिकेटच्या मैदानावर, फुटबॉलच्या मैदानावर, गोल्फच्या हिरवळीवर आपल्या हवामानात जे गवत लावतात त्याला इंग्रजीत बर्म्युडा ग्रास म्हणतात. त्याचं शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. हीच आपली हरळी, हीच दूर्वा. लेण्याद्री आणि ओझर, अष्टविनायकांतले दोन गणपती आपल्या तालुक्यात. त्यांना आपण २१ दूर्वांची जुडी वाहतो आणि घरी येऊन तीच शेतातून खणून काढतो. भारी मैदानांवर ‘टिफवे ४१९’ नावाची संकरित जात असते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचं गाव आहे, तिथल्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन यांनी ती तयार केली आणि १९६० साली प्रसारित केली. तीही हरळीच्याच कुळातली. त्यांच्या हरळीला बी धरत नाही म्हणून ती तुकड्यांनीच लावावी लागते, एवढंच.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. ज्या गुणांमुळे हरळी शेतकऱ्याची वैरीण आहे, त्याच गुणांमुळे ती मैदानाची मालकीण आहे. ती जमिनीवरून धावते आणि जमिनीखालूनही. नांगरटीनंतर आपण उन्हाळ्यात काशा वेचायचो, ते आठवत असेल. एक काशी राहिली तरी पावसाळ्यात पुन्हा तिथे ठिपका. शंभर पोरं तुडवून गेली तरी ती मरत नाही, कारण तिचा जीव वरच्या पात्यात नसून खालच्या काशीत आहे. पाणी तुटलं तर पिवळी पडून झोपते, पाऊस पडला की उठते. दुष्काळी भागातल्या मैदानाला याहून चांगलं गवत शोधून सापडणार नाही. हिचं एकच दुखणं, सावली. झाडाखाली ती टिकत नाही. बागेत वडाखालची हिरवळ का जाते म्हणून माळ्याला शिव्या पडतात. त्यात माळ्याचा दोष नसतो, तिथे हरळी लावायचं ठरवणाऱ्याचा असतो.

मग इतकं चिवट गवत असेल तर राखायला शिकलेला माणूस कशाला लागतो? हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारतात. नगरपालिकेत विचारतात, सोसायटीत विचारतात, संस्थाचालकही विचारतात. उत्तर म्हणून मी माझ्या वर्गात काय शिकवतो तेच सांगतो.

माझा वर्ग सहा दिवसांचा असतो. खडू-फळा पहिल्या सकाळी तासभर, बाकी सगळं उकिडवं बसून. येणारे लोक बहुतेक ठेकेदाराकडचे असतात. कुणी दहावी नापास, कुणाला सही येते तेवढीच. पण शेतातून आलेल्या माणसाला निम्मं आधीच येत असतं. मी ‘वाफसा’ हा शब्द उच्चारला की समोरच्या चेहऱ्यांवर ओळख दिसते. ओल्या जमिनीत औत घालू नये, हे त्यांना माहीत असतं. मग ओल्या मैदानावर रोलर फिरवू नये, पावसानंतर तासाभरात मंडपाचा ट्रक आत घेऊ नये, हे वेगळं शिकवावं लागत नाही. फक्त ‘साहेबाने सांगितलं तरी नाही म्हणायचं’ हे शिकवावं लागतं, आणि ते सगळ्यात अवघड जातं.

पहिल्या दिवशी मी सायकलच्या चाकाची एक तार देतो. मैदानावर वीस ठिकाणी ती जमिनीत खुपसायची. बोटभर खोल सहज गेली तर जमीन मोकळी आहे, ओल आहे. नखभर जाऊन वाकली तर जमीन दबलेली आहे. दबलेल्या जमिनीत हवा नाही, हवा नाही म्हणून मूळ नाही, मूळ नाही म्हणून गवत नाही. अशा ठिकाणी कितीही पाणी आणि युरिया टाका, पाणी वाहून जाणार आणि पैसाही. तिथे जमिनीला भोकं पाडायची आणि त्यांत वाळू भरायची. मोठ्या मैदानांवर त्यासाठी पोकळ दाताचं मशीन असतं, ते मातीच्या कांड्या उपटून बाहेर टाकतं. ते नसेल तर दाताळं टोचून हलवलं तरी काम होतं, वेळ जास्त लागतो.

दुसरा धडा कापणीचा. नियम एकच, एका वेळी पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापायचा नाही. तीन इंच वाढलं असेल तर एक इंच कापा, दोन इंच ठेवा. ‘वारंवार खर्च नको, एकदाच बारीक करून टाका’ असा हुकूम येतो आणि तिथेच मैदान बसतं. एका गावाचं उदाहरण देतो, नाव सांगत नाही. मे महिन्यात स्पर्धा होती. गुडघ्याएवढं वाढू दिलेलं गवत नव्या कोऱ्या मशीनने एका दिवसात जमिनीसरसं केलं. खालच्या पांढऱ्या काड्या उघड्या पडल्या, चार दिवसांत उन्हाने करपल्या. पाहुणे आले तेव्हा मैदान गव्हाच्या काडासारखं होतं. मग हिरवा रंग फवारायची सूचना निघाली. मशीन चालवणारा पोरगा हुशार होता, पण त्याला मशीन चालू कसं करायचं एवढंच सांगितलं होतं.

पात्याला धार आहे की नाही, हे गवत सांगतं. कापल्यावर दुसऱ्या दिवशी पात्याचं टोक बघा. सरळ कापलं असेल तर धार आहे. टोक फाटून पांढरं पडलं असेल तर मशीन गवत कापत नाही, ओढून तोडतं आहे. लांबून सगळं मैदान फिकट दिसतं आणि लोक म्हणतात खत कमी पडलं.

तिसरा धडा पाण्याचा. संध्याकाळी मैदानावरून चालत जायचं आणि मागे वळून बघायचं. पावलांचे ठसे लगेच उठले तर गवताला पाणी पुरेसं आहे. ठसे तसेच राहिले आणि गवत निळसर-राखी दिसलं तर आज पाणी द्यायचं. तारीख बघून द्यायचं नाही. आणि द्यायचं तर भरपूर, मग पाच-सहा दिवस थांबायचं. रोज संध्याकाळी पाइप धरून शिंपडलं की मूळ वरच राहतं. शिंपडण्याची सवय लागलेलं गवत दोन दिवस पाणी चुकलं की मान टाकतं.

स्प्रिंकलर असेल तर पत्र्याचे एकसारखे दहा-बारा रिकामे डबे मैदानावर ठेवायचे, पाव तास पाणी सोडायचं आणि प्रत्येक डब्यात फूटपट्टी बुडवून किती पाणी पडलं ते मोजायचं. एका डब्यात दहा मिलिमीटर, दुसऱ्यात दोन, असं हमखास निघतं. मग कळतं की एका कोपऱ्यात डबकं आणि दुसऱ्या कोपऱ्यात टक्कल का आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. हे गणित आपण सातवीत केलं असेल, पण एका कामगाराला ते डब्यावर कळलं तेव्हा तो म्हणाला, “सर, मग आम्ही रोज एक टँकर गटारात ओततोय की!” त्याने स्वतः काढलेलं उत्तर होतं ते.

चौथा धडा ओळखीचा, आणि इथे मला विद्यार्थ्यांनीच शिकवलं आहे. सार्वजनिक बागांत तण काढणाऱ्या बहुतेक बायका असतात. त्यांना ‘खुरपणीच्या बायका’ म्हणतात आणि मशीनला हात लावू देत नाहीत. आंबेगावकडून आलेली एक बाई माझ्या वर्गात होती. डोळे मिटून गवत ओळखायची. लव्हाळ्याचा दांडा बोटांत फिरवला की तीन कडा लागतात, हरळीचा गोल लागतो. लव्हाळा नुसता उपटला तर खालची गाठ जमिनीत राहते आणि दुप्पट जोमाने येतो, म्हणून खुरपं किती खोल घालायचं तेही तिला ठाऊक होतं. गवत गोल ठिपक्यात पिवळं पडून गालिच्यासारखं गुंडाळून येऊ लागलं तर खाली हुमणी आहे, हे तिने उसात पाहिलेलं होतं. साहेब लोक तिथे बुरशीचं औषध मारत होते. तिला फक्त मशीनची उंची लावायला आणि औषधाच्या बाटलीवरचं माप वाचायला शिकवायचं बाकी होतं. दोन दिवसांत शिकली. आज ती आठ जणांची टोळी सांभाळते.

पाचवा धडा वहीचा. पाणी कधी दिलं, किती दिलं, कापलं कधी, खत कोणतं, पाऊस किती, सभा-समारंभ कोणता झाला, हे रोज दोन ओळी. ठेकेदार बदलतो, माणसं बदलतात, साहेबांची बदली होते आणि मैदानाची सगळी आठवण पुसली जाते. वही असेल तर नव्या माणसाला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागत नाही.

हे झालं माझ्या वर्गाचं. आता जरा मोठ्या मैदानांकडे जाऊ, कारण तिथलं तुम्ही टीव्हीवर पाहिलेलं आहे.

२ एप्रिल २०११ ला वानखेडेवर आपण विश्वचषक जिंकलो. धोनीचा शेवटचा षटकार सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. ती खेळपट्टी तयार करणारे सुधीर नाईक हे स्वतः कसोटी खेळाडू होते. त्यांच्या आधी पॉली उम्रीगरांसारख्या मोठ्या खेळाडूनेही वानखेडेची खेळपट्टी सांभाळली होती. म्हणजे हे काम कमी प्रतीचं नाही, हे जाणत्यांना कळत होतं. उलट बाजूही आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत आपल्या गहुंज्याच्या मैदानावरची पहिली कसोटी तिसऱ्याच दिवशी संपली. भारताचे डाव १०५ आणि १०७ ला आटोपले आणि आयसीसीच्या सामनाधिकाऱ्यांनी खेळपट्टीला ‘निकृष्ट’ शेरा दिला. त्या आठवड्यात सगळ्या देशाला खेळपट्टीची माती समजायला लागली होती. मैदान चांगलं असतं तेव्हा मात्र कुणी विचारत नाही की हे कुणी केलं.

विचारणारे क्वचित भेटतात. १७ सप्टेंबर २०२३, कोलंबो, आशिया चषकाची अंतिम लढत. मोहम्मद सिराजने २१ धावांत ६ बळी घेतले, श्रीलंका ५० धावांत गारद. सामनावीराचे ५ हजार डॉलर त्याने तिथल्या मैदान-कामगारांना देऊन टाकले. त्या स्पर्धेत पावसाने पिच्छा पुरवला होता आणि ही माणसं दिवसरात्र ताडपत्र्या ओढत होती. पुढच्या वर्षी, २०२४ ची आयपीएल संपल्यावर, बीसीसीआयने नेहमीच्या १० मैदानांवरच्या कामगारांना आणि क्युरेटरांना प्रत्येक मैदानामागे २५ लाख रुपये बक्षीस जाहीर केलं. आनंदाची गोष्ट आहे. पण बक्षीस वर्षातून एकदा मिळतं. शिक्षण आणि नियमित पगार ही रोजची गोष्ट आहे.

बीसीसीआयने क्युरेटरांसाठी प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला, इंग्लंडमध्ये तर मैदान राखणाऱ्यांची स्वतःची संस्था १९३४ पासून आहे. पण ही सोय मोठ्या मैदानांची झाली. तालुक्याच्या क्रीडासंकुलाचं काय? नगरपालिकेच्या बागेचं काय? शाळेच्या मैदानाचं काय? मुलं तर तिथेच खेळतात. आपल्याकडे बाग किंवा मैदान बांधायला निधी मिळतो, उद्घाटनाला नेते मिळतात, फीत आणि नारळ मिळतो. तिसऱ्या वर्षी तिथे माती उडायला लागते. मुंबईच्या शिवाजी पार्कसारख्या नावाजलेल्या मैदानावरसुद्धा लाल मातीची धूळ हा आजूबाजूच्या लोकांचा वर्षानुवर्षांचा त्रास आहे. तिथे गवत लावण्याचे प्रयत्न झाले, पावसाचं पाणी साठवण्याची कामं झाली, तरी धुळीची तक्रार पुन्हा पुन्हा येत राहिली. एवढा वापर असलेलं मैदान एका योजनेत कायमचं हिरवं होत नसतं. त्याला रोजचा माणूस लागतो.

पाण्याचा मुद्दा कुणीतरी मनात धरून बसलेलं असणार. बरोबर आहे, धरायलाच हवा. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. मुंबई, पुणे, नागपूर या तीन मैदानांना ६० लाख लिटर पाणी लागेल असा आकडा तेव्हा गाजला होता. लातूरला रेल्वेने पाणी जात होतं. त्या वर्षी मी मैदानांवरच काम करत होतो आणि मला तो निर्णय पटला होता. माणसांना प्यायला पाणी नसताना गवताला पाणी मागण्याचा कुणालाही हक्क नाही. पण त्या उन्हाळ्यात मी हेही पाहिलं की ज्या मैदानांवर माणूस शिकलेला होता, तिथे पाणी तोडल्यावर हरळी झोपली आणि जूनमध्ये उठली. जिथे रोज शिंपडण्याची सवय लावलेली होती, तिथे ती मुळासकट गेली आणि पुन्हा लावावी लागली. म्हणजे पाणी वाचवायचं तरी शिकलेलाच माणूस लागतो. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे अशी पाच धरणं असलेल्या कुकडी प्रकल्पाची आपण माणसं. आवर्तन चुकलं की काय होतं, हे आपल्याला दुसऱ्याने सांगायला नको.

आता आपल्या मैदानाकडे येतो.

प्लॅस्टिकच्या टर्फचे फायदे आधी सांगतो, म्हणजे अन्याय होणार नाही. लहान जागेत, दिव्याखाली, रात्री खेळायला ते चांगलं आहे. पावसात चिखल होत नाही. दिवसभर वापरलं तरी लगेच झिजत नाही. धंदा म्हणून चालवणाऱ्याला ते परवडतं. पण शाळा दिवसा भरते. उन्हाळ्यात दुपारी अशा टर्फचं तापमान ६० अंशांच्या वर जाऊ शकतं आणि आपल्या शाळेतली निम्मी पोरं अनवाणी खेळतात. त्याचं आयुष्य साधारण ८ ते १० वर्षं. त्यानंतर गुंडाळून टाकायचं कुठे? कुकडीच्या काठाला? त्यात भरलेले रबराचे बारीक दाणे पावसाबरोबर ओढ्यात जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम करून असे दाणे विकण्यावर २०३१ पासून बंदी ठरवली आहे. जे तिथे नको झालं, ते आपल्या शाळेत नव्याने कशाला आणायचं? आणि त्यावर लंगडी घालता येईल, कबड्डीत पाट टेकवता येईल, पण गुडघा घासला तर जळल्यासारखी जखम होते.

माझी सूचना अशी आहे. मैदान साधारण एक एकर आहे. त्यातलं निम्मंच गवताखाली घ्यावं. कबड्डी, खो-खो, लेझीम, सकाळची प्रार्थना यांना मातीचंच मैदान हवं, ते तसंच ठेवावं. उरलेल्या अर्ध्या एकरात, म्हणजे सुमारे २ हजार चौरस मीटरमध्ये, मुरमावर अर्धा फूट चांगली माती आणि वाळूचं मिश्रण. मधे उंच, कडेला उतार. शंभर फुटाला एक फूट. पाणी साचलं नाही म्हणजे निम्मं काम झालं.

गवत विकत आणायचं नाही. आपल्याच बांधावरची हरळी आणायची. तिचे दोन-तीन इंचांचे तुकडे करायचे, माती, ताजं शेण आणि पाणी यांच्या राड्यात कालवायचे आणि ओल्या जमिनीवर इंचभर थर सारवायचा. जूनच्या पावसात लावलं तर दीड-दोन महिन्यांत जमीन झाकते. तोवर त्या भागात पोरांना जाऊ द्यायचं नाही. म्हणून पहिल्या वर्षी एक चतुर्थांश एकर आणि दुसऱ्या वर्षी दुसरा. सगळं मैदान एकदम बंद केलं तर पोरं आपल्याला शिव्या देतील आणि त्या बरोबर असतील. आज ज्यांची शेती आहे त्यांनी हरळी दिली तर उपकार दोन्हीकडे होतील.

खताचं सांगतो. वाढीच्या दिवसांत १०० चौरस मीटरला एक किलो युरिया, तोही ओल असताना आणि वरून पाणी मारून. वर्षातून दोन-तीनदा पुरे. अर्ध्या एकराला एका वेळी २० किलो, म्हणजे अर्ध्या पोत्याहूनही कमी. बाकी शेणखत चाळून पसरा. कापणी दीड इंचावर. शाळेला गालिचा नको, पडल्यावर लागणार नाही असं मैदान हवं.

पाण्याचा हिशोबही करून आणला आहे. पावसाळ्यात काही नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर दहा दिवसांनी एक इंच, मार्च ते मे पंधरा दिवसांनी. एक इंच म्हणजे २५ मिलिमीटर, म्हणजे एका वेळी ५० हजार लिटर. वर्षाला २१ पाळ्या धरल्या तर साडेदहा लाख लिटर. आकडा ऐकून दचकू नका. उसाला वर्षाला २ हजार मिलिमीटर पाणी धरलं तर अर्ध्या एकर उसाला ४० लाख लिटर होतात. आपण त्याच्या पाव हिश्श्यात शाळा खेळवू. आणि ज्या वर्षी पाऊस दगा देईल, त्या वर्षी पाणी बंद. सुट्टीत हरळी झोपेल, शाळा उघडताना उठेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माती, पाइप, मशीन यांना वर्गणीतले पैसे लागतील, पण टर्फच्या मानाने फार कमी. उरलेल्या पैशांची ठेव करावी आणि तिच्या व्याजातून शाळेला एक ‘मैदानाचा माणूस’ द्यावा. बाई असली तर आणखी चांगलं. शिपाईमामांच्या गळ्यात हे जादा काम म्हणून टाकू नये, त्यांना आधीच घंटा, टपाल आणि पाण्याच्या टाक्या आहेत. त्या माणसाला आणि आणखी एका बदलीच्या माणसाला मी शिकवीन, सहा दिवस नाही, वर्षभर, दर महिन्याला एक दिवस येऊन. त्याचे पैसे घेणार नाही. पुढच्या शिक्षणासाठी जवळच सोयी आहेत. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, तळेगाव दाभाड्याला उद्यानविद्येचं प्रशिक्षण केंद्र आहे, पुण्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेचं पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आहे. विचारत गेलं की दारं उघडतात.

मला ठाऊक आहे, यात अडचण कुठे आहे. इमारतीवर, कमानीवर, टर्फच्या जाळीवर आपल्या बॅचचं नाव घालता येतं. कुणाच्या पगारावर नाव घालता येत नाही. फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही. पण आपल्या वेळच्या पी. टी.च्या सरांची आठवण काढा. दर शनिवारी सकाळी कवायत झाली की ते आपल्याला रांगेत बसवून मैदानातले खडे वेचायला लावायचे. तेव्हा कंटाळा यायचा. या शाळेतून जिल्ह्याला खो-खो खेळायला गेलेल्या मुली इथे बसल्या आहेत, त्यांना विचारा की वेचलेल्या मैदानावर सूर मारणं आणि न वेचलेल्या मैदानावर सूर मारणं यात काय फरक आहे. सरांचं नाव त्या मैदानावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मुख्याध्यापक महोदय, आपली आणि संस्थेची परवानगी असेल तरच हे पुढे जाईल. आम्ही माजी विद्यार्थी हट्ट धरणार नाही. मित्रांनो, तुमचं टर्फचंच ठरलं तरी माझी वर्गणी तुमच्यातच आहे, वेगळी चूल मांडणार नाही. फक्त निर्णयाआधी एक करू. जेवण झालं की मैदानावर या. मी पिशवीत सायकलच्या दहा तारा आणल्या आहेत. चारही कोपऱ्यांत आणि मधे खुपसून बघू, जमीन काय म्हणते ते. ज्यांची शेती आहे त्यांनी पुढे राहावं, त्यांना माझ्याआधी कळेल. आणि आताच्या विद्यार्थ्यांपैकी जे कुणी येतील त्यांच्या हातात तार द्या, त्यांचंच मैदान आहे.